आरएफ माउंटला प्राइम घ्यायची तर आधी ३५, आणि ५० सगळ्यात शेवटी

कॅननची आरएफ माउंटवाली (माउंट म्हणजे लेन्स अडकवायची जागा) फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी घेतली की पहिले थोडे दिवस मस्त जातात. मग एखाद्या संध्याकाळी आपण गंगेवर जातो (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), किटची २४-१०५ पार १०५ वर नेतो, स्क्रीनवर एफ ७.१ दिसतं (एफचा आकडा मोठा म्हणजे उजेड कमी), आयएसओ कुठल्या कुठे गेलेला असतो, म्हणजे फोटोत दाणेच दाणे, आणि रात्री घरी येऊन प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, शोधायला बसतो. आणि तिथे कळतं आपल्याकडे चॉइस किती कमी आहे ते. सोनीवाल्या मित्राला विचारलं तर तो म्हणणार सिग्मा घे, टॅमरॉन घे, व्हिल्ट्रॉक्स घे, सॅमयांग घे, बजेट सांग फक्त. आपण आपलं बजेट सांगून काय उपयोग, दुकानदाराच्या कपाटात आरएफच्या रांगेत एक तर छोट्या स्वस्त लेन्स आहेत नाहीतर लाल रिंगवाल्या, म्हणजे कॅननच्या महागड्या एल लेन्स, आणि लाल रिंग म्हटली की प्राइममध्ये बहुतेक सगळं लाखाच्या पुढेच.

माझा भाचा सध्या याच चक्रात आहे. त्याने आर८ घेतला, माझ्याकडे जुना आरपी आहे, आणि त्याचं डोक्यात आहे की २०२७ च्या नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यापर्यंत हात बसला पाहिजे आणि बॅगेत नीट लेन्स पाहिजेत. परवा फोन, "मामा, ५० एफ १.८ घेऊन टाकतो, सगळे तेच सांगतात." मी म्हटलं, घे रे, पण शेवटी घे. तर तो म्हणे, "शेवटी म्हणजे? सगळ्यात स्वस्त तीच आहे ना!" आता हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहितोय, तुमच्यापैकी कोणी आरएफवाले असाल तर तुम्हालाही उपयोग होईल.

आधी हे असं का आहे ते थोडक्यात. आरएफ माउंट आला २०१८ मध्ये, ईओएस आर सोबत. माउंटचा व्यास कॅननच्याच जुन्या ईएफ माउंटएवढाच, ५४ मिमी, पण सेन्सरपासूनचं अंतर ४४ वरून २० मिमीवर आणलं. लेन्स बनवणाऱ्याच्या दृष्टीने हे फार भारी, मागची काच सेन्सरच्या जवळ नेता येते. पण माउंटचं दार कॅननने बाहेरच्यांना उघडलं नाही. व्हिल्ट्रॉक्सने ऑटोफोकसवाल्या लेन्स काढल्या होत्या, ८५ एफ १.८ तर बऱ्याच लोकांनी घेतलीही, पण २०२२ मध्ये कॅननने सांगितल्यावर त्यांना विक्री थांबवावी लागली. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवानगी मिळाली म्हणून सगळे नाचायला लागले, नीट वाचलं तर त्या सगळ्या एपीएस-सीच्या, म्हणजे छोट्या सेन्सरच्या. फुल फ्रेमवाल्यांनी आपलं बघत बसायचं. मॅन्युअल फोकसवाल्या मिळतात, लाओवा, ७आर्टिझन्स वगैरे, पण गर्दीत मॅन्युअल फोकस करत बसणं हे मला तरी जमण्यातलं नाही, ज्यांना जमतं त्यांना नमस्कार.

तर मग कपाटात उरतं काय? नेहमीच्या कामाच्या, एल नसलेल्या प्राइम म्हणजे १६ एफ २.८, २४ एफ १.८, २८ एफ २.८, ३५ एफ १.८, ५० एफ १.८ आणि ८५ एफ २. आणि २०२५ च्या शेवटी आलेली ४५ एफ १.२, तिच्यावर नंतर येतो. त्याच्या वर डायरेक्ट एल. ५० एफ १.२ एल ही जवळपास एक किलोची वस्तू, ९५० ग्रॅम, आमची बॉडी ४८५ ग्रॅम, म्हणजे कॅमेरा लेन्सला लटकवल्यासारखा. २०२४ पासून एफ १.४ च्या व्हीसीएम (हे मोटरचं नाव) लेन्स यायला लागल्या त्या आकाराने खूप सुटसुटीत आहेत, पण त्याही एलच, किंमतही एलचीच. म्हणजे जिन्याला पहिली पायरी आहे आणि मग एकदम पाचवी, मधल्या काढून ठेवल्यात.

आता इतका कमी चॉइस असला की लोक काय करतात, तर त्या पाच-सहा लेन्सचे टेस्ट चार्ट बघत बसतात, कोपरे कुठले शार्प, कुठली मधे शार्प. मला विचाराल तर आधी आपल्या बॉडीत काय नाही ते बघा. आरपीत आणि आर८ मध्ये दोन्हीत बॉडीचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय, नाही. आर६ वाल्यांना हा प्रश्नच नाही, त्यांनी खुशाल काहीही घ्यावं, पण आपल्याला हात स्थिर ठेवायला मदत मिळणार ती फक्त लेन्समधूनच. आणि या यादीत ती मदत असलेल्या लेन्स तीनच आहेत, २४, ३५ आणि ८५. ५० मध्ये आयएस, म्हणजे लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, नाही. १६ मध्ये नाही, २८ मध्ये नाही. ती नवी ४५ एफ १.२, तिच्यातही नाही. यादी आपोआप अर्धी झाली की नाही.

भाच्याने लगेच शंका काढली की एफ १.८ आहे ना, मग आयएस कशाला? त्याला मी घाटावरच्या दिव्यांचं गणित सांगितलं. संध्याकाळी रामकुंडाच्या पुढे लोक द्रोणात दिवे सोडतात, आरती होऊन गेलेली असते, आकाशात थोडा निळा उरलेला असतो. ३५ वर हातात धरून विना आयएस १/३० सेकंदच्या खाली जायला माझा हात तरी धजावत नाही. समजा त्या स्पीडला एक्स्पोजर नीट यायला आयएसओ ६४०० लागतोय. आयएस असेल तर मी १/४ पर्यंत उतरतो, म्हणजे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), आयएसओ ८००. कॅनन त्या लेन्सला पाच स्टॉपचं आयएस म्हणतं, पाच स्टॉप कागदावर, तीन माझ्या हातात, तरी खूप झालं. आणि १/४ ला पाणी थोडं मऊ होतं, घाटाच्या पायऱ्या मात्र जागच्या जागी कडक राहतात, ते ६४०० मध्ये मिळतच नाही.

हे मान्य की माणूस हलत असेल तर आयएस काही कामाचं नाही, तिथे १/१२५ लागतोच. ढोल पथक, धावणारी पोरं, पर्वणीची गर्दी, तिथे ५० आणि ३५ सारखेच. पण जुन्या नाशकात फिरणाऱ्याचे निम्मे फोटो न हलणाऱ्या गोष्टींचेच असतात की. वाड्याची ओसरी, तुळया, देवळ्या, दिंडी दरवाजाच्या आतला अंधार. भर दुपारी सुद्धा आत काळोख असतो आणि ट्रायपॉड लावायला मालक परवानगी देईल याची खात्री नाही.

म्हणून पहिली लेन्स ३५ एफ १.८. वजन ३०५ ग्रॅम, आयएस आहे, आणि तिसरी गोष्ट जी लोक विसरतात ती म्हणजे ही हाफ मॅक्रो आहे. ०.५ पट. सेन्सरपासून १७ सेंटीमीटरवर फोकस होतो, लेन्सची लांबी वजा केली तर काचेपुढे आठ-नऊ सेंटीमीटर उरतात. तांबट आळीत एकदा तांब्याच्या कळशीवरचं मठारकाम मी हिच्यावर काढलं, हातोडीचा एक-एक ठोका, प्रत्येक ठोक्यात खिडकीचा एक बारीक चौकोन चमकतोय, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या कडेवर हिरवट डाग. हाफ मॅक्रो म्हणजे साधारण ७ बाय ५ सेंटीमीटरचा तुकडा अख्ख्या फ्रेममध्ये बसतो. लेन्स बदलली नाही, दोन पावलं मागे आलो, त्याच लेन्सवर अख्खं दुकान आलं. हे ५० वर नाही होत, ५० चा कमीत कमी फोकस ३० सेंटीमीटर आहे, कळशी अख्खी येईल, ठोका नाही येणार.

३५ चे दोष पण सांगतो. मोटरचा आवाज येतो, घर्र घर्र, शांत खोलीत व्हिडिओ काढाल तर कॅमेऱ्याच्या माइकमध्ये स्पष्ट ऐकू येतो. एफ १.८ ला कोपरे काळवंडतात. फोकस करताना पुढची नळी थोडी बाहेर येते. आणि ती पाणी-धूळ अडवायला सील केलेली नाही, त्यावर खाली लिहितोच.

२४ एफ १.८ चा विचार करणाऱ्यांना एकच सांगेन, गल्ल्या अरुंद आहेत म्हणून वाइड पाहिजे असं वाटतं, मलाही वाटायचं, पण जुन्या नाशकात वाइड लावली की फ्रेममध्ये वायरी, मीटरचे डबे, लावलेल्या स्कूटी आणि बॅनर हेच जास्त येतं. ३५ ला तेवढंच कापून घेता येतं. बाकी २४ सुद्धा चांगली आहे, तिच्यातही आयएस आणि हाफ मॅक्रो, फक्त तिचं डिस्टॉर्शन, म्हणजे सरळ रेषा वाकणं, कॅमेरा सॉफ्टवेअरने सरळ करतो, रॉ म्हणजे कच्ची फाइल उघडून करेक्शन बंद केलं की बाक दिसतो. १६ मध्ये तर हा प्रकार फारच. १६ मला आवडते ती वेगळ्याच कारणासाठी, १६५ ग्रॅमची आहे आणि खिशात राहते, अंजनेरी-ब्रह्मगिरी चढताना ते कळतं. पण ती तिसरी-चौथी लेन्स, पहिली नाही.

२८ एफ २.८ ही मात्र एक गोड वस्तू आहे. १२० ग्रॅम, अडीच सेंटीमीटर जाडी, आर८ वर लावली की कॅमेरा कॅमेऱ्यासारखा वाटतच नाही, लोक तुमच्याकडे बघत नाहीत. एफ २.८ आणि आयएस नाही, म्हणून मी ती दिवसाची लेन्स म्हणतो. रंगपंचमीला रहाडीवर हीच न्यावी. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, आमच्या जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, दगडी हौदच म्हणा, वर्षभर बुजवलेल्या असतात, रंगपंचमीला उघडतात, रंगीत पाणी भरतात आणि लोक वरून धप्पा मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. धप्पा पडला की पाणी काठावरच्या सगळ्यांवर येतं, तुम्ही कितीही लांब उभे राहा. तिथे मोठी लेन्स नेणाऱ्याचं मला कौतुकही वाटतं आणि भीतीही. २८ लावायची, अख्खा कॅमेरा जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पुढे एक साधा ५५ मिमीचा यूव्ही फिल्टर रबरबँडने पिशवीबाहेर, आणि मान खाली घालून क्लिक करत राहायचं.

आता दुसरी लेन्स. इथे माझं आणि भाच्याचं पटत नाही. त्याला आरएफ ८५ एफ २ पाहिजे, माझ्याकडे ॲडॅप्टरवर (ईएफ लेन्स आरएफ बॉडीला बसवणारी नळी) जुनी ईएफ ८५ एफ १.८ आहे.

आरएफ ८५ एफ २ कागदावर झकास, आयएस आहे, हाफ मॅक्रो आहे, ५०० ग्रॅम, एफ २ पासूनच शार्प. पण ऑटोफोकस रमतगमत चालतो. एकदा का चुकला की पार जवळ जाऊन पुन्हा लांब येईपर्यंत समोरचा माणूस हसून संपलेला असतो. फोकस लिमिटरचा स्विच आहे, तो अर्धा मीटरच्या पुढे लावून ठेवला की बरंच सुधारतं, हे घेणाऱ्याने पहिल्या दिवशी करावं. दागिने, फुलं, निवांत बसलेली आजी, यांना उत्तम. श्रावणात अंजनेरीच्या पठारावर बारीक फुलं असतात, त्यांना तर हीच.

ईएफ ८५ एफ १.८ आली १९९२ मध्ये, म्हणजे माझ्या भाच्यापेक्षा वयाने मोठी. आयएस नाही, जवळचा फोकस ८५ सेंटीमीटर, उन्हात चमकत्या कडांना जांभळी किनार येते, स्टीलच्या भांड्यांना तर हमखास. पण रिंग यूएसएम मोटर, टक्कन लागतो फोकस, आणि आरपीवर डोळ्याचा फोकस पण चालतो, ॲडॅप्टरमध्ये काच वगैरे काही नाही, ती नुसती २४ मिमीची नळी आणि संपर्काच्या पिना, ४४ वजा २०. म्हणून क्वालिटीत फरक पडत नाही. ढोलवाल्याचा चेहरा, टिपरू वर गेलेलं असताना, ही लेन्स सोडत नाही. माझं मत, माणसं हलणारी असतील तर ईएफ, बसलेली असतील तर आरएफ. भाच्याला सिंहस्थ काढायचाय, तिथे कोण बसून राहणार आहे?

आणि कमी चॉइसवरचा खरा इलाज हा ॲडॅप्टरच आहे. ईएफ माउंट १९८७ चा, त्यामुळे सेकंडहँडमध्ये खच पडलाय. लग्नवाले फोटोग्राफर बहुतेक मिररलेसवर गेले, त्यांच्या जुन्या ईएफ लेन्स बाहेर येतायत. ३५ एफ २ आयएस, ४० एफ २.८ ती बिस्किटासारखी चपटी, १०० एफ २, आणि नशीब जोरावर असेल तर १३५ एफ २ एल. जी मधली पायरी कॅननने आरएफमध्ये ठेवली नाही ती इथे सापडते. मी माझी ८५ ओझरच्या एका लग्नवाल्याकडून घेतली, घेताना त्याच्याच ऑफिसात बसून तपासली. मागचं-पुढचं टोपण काढा, ॲपर्चर उघडं ठेवून मोबाइलची टॉर्च मागून मारा आणि तिरक्या कोनातून बघा. धूळ दिसली तर सोडून द्या, सगळ्यांत असते. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्तात मिळो, नमस्कार करून उठा. नंतर बॉडीवर लावून एकदा एफ १.८ आणि एकदा एफ ८ ला फोटो काढा, ब्लेडवर तेल आलं असेल तर ॲपर्चर अडकतं आणि फोटो उजळ येतात. नवीन घेणाऱ्यांनी बिलावर आणि वॉरंटी कार्डावर नीट लक्ष द्या, इंडिया वॉरंटी नसलेला माल चार पैसे कमी करून गळ्यात मारणारे आहेत, मलाही एका दुकानात आधी बिल नाही मग कार्ड नाही असं सुरू झालं तेव्हा उठून आलो.

आता सिंहस्थाचं खास. पर्वण्या पावसाळ्यात येतात, २०१५ ला नाशिकची शाही स्नानं २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबरला होती. म्हणजे पाऊस धरूनच चालायचं. आणि या सगळ्या छोट्या आरएफ प्राइम, एकही सील केलेली नाही. जुनी ईएफ ८५ सुद्धा नाही. हूड, म्हणजे लेन्सच्या पुढे लावायचं कडं, वेगळा विकत घ्यावा लागतो, डब्यात येत नाही, पण घ्याच, ऊन अडवण्यापेक्षा पहिला थेंब काचेवर येऊ नये म्हणून. बॅगेत दोन सुती पंचे, रेनकव्हर नसेल तर हॉटेलमधली शॉवर कॅप, आणि भिजलेल्या गर्दीत लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. आरपी आणि आर८ वाले दोघे बरोबर असतील तर एकाने ३५ लावायची, दुसऱ्याने ८५, हा आमचा प्लॅन ठरलाय, आणि कोण कुठली यावर अजून भांडण चालू आहे.

उन्हाचं पण एक आहे. भर दुपारी घाटावर आयएसओ १०० ला एफ १.८ लावलं तर साधारण १/८००० लागतो, आरपी १/४००० ला थांबतो. फोटो पांढरा. आर८ इलेक्ट्रॉनिक शटरवर १/१६००० पर्यंत जातो पण पटकन हलणारी वस्तू त्यात वाकडी येऊ शकते. म्हणून दुपारी एफ २.८ च्या पुढेच राहायचं, नाहीतर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर. आणि फिल्टर म्हटलं की कॅननने घातलेला घोळ बघा, ५० आणि १६ ला ४३ मिमी, २४ आणि ३५ ला ५२, २८ ला ५५, ८५ ला ६७. प्रत्येकाला वेगळा घेऊ नका, एकच ६७ चा घ्या आणि तो छोट्या लेन्सवर बसवायला स्टेप-अप रिंगा घ्या, रिंगा स्वस्तात मिळतात.

मग ५० चं काय? वाईट नाहीये हो. १६० ग्रॅम, हलकी, चेहऱ्याला छान, आणि पहिल्यांदा मागची बाजू ब्लर झालेली बघायची हौस तीच भागवते. पण ३५ आणि ८५ बॅगेत असताना तिला काम उरत नाही, आणि एकटीच घेतली तर वाड्यात शिरल्यावर भिंतीला पाठ टेकते तरी फ्रेम पुरत नाही. वर फोकसचा स्विच नाही नीट, ऑटो की मॅन्युअल फोकस हे मेन्यूत जाऊन करायचं. ४५ एफ १.२ बद्दल, ज्याला रात्री फक्त माणसंच काढायची आहेत त्याने जरूर बघावी, ५० पेक्षा तो पैसा जास्त सत्कारणी लागेल असं माझं म्हणणं आहे, एका स्टॉपपेक्षा जास्त उजेड मिळतो.

भाच्याने शेवटी ३५ बुक केलीय, नवीन. ८५ चं ठरेपर्यंत माझी ईएफ वापरून बघ म्हटलंय, ॲडॅप्टरसकट. १३५ किंवा ७०-२०० पर्वणीला लागेलच, होळकर पुलावरून रामकुंडाकडे बघायचं तर ८५ तोकडी पडते, पण ती विकत घ्यायची काही गरज नाही, दिवसाच्या भाड्याने मिळते. फक्त पर्वणीच्या आठवड्यात नाशकात भाड्याने काही शिल्लक असेल अशा भ्रमात राहू नका, दोन-तीन महिने आधी ॲडव्हान्स देऊन ठेवा, आणि ताब्यात घेताना टॉर्च मारून बघायचं तिथेही विसरू नका.